दादा, तुझ्या देशाची माणसं आली

निरवांगी, ता. इंदापूर
६ जानेवारी २०२५

दादा,

पाकीट बघून दचकू नको, घरी सगळी धडधाकट हायत. फोन का न्हाय केला म्हणशील. केला असता तर तू "बोल" म्हणला असतास, त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं असतं अन् बातमी राहिली असती बाजूला. दूतावासाचा पत्ता इंटरनेटवर मिळाला. खाली तुझं नाव: यशराज मानसिंग रणवरे, प्रथम सचिव, वाणिज्य. वाचून ऊर भरून आला अन् रागही आला. दोन्ही एकदम येतं ते तुझ्याच बाबतीत.

आता बातमी. तू आफ्रिकेतल्या ज्या देशात जाऊन बसलायस, त्या देशाची माणसं निरवांगीत येणार हायत! पुण्याला न्हाय, नुसतं बारामतीला न्हाय, आपल्या निरवांगीत, अन् तीही माझ्या रोपवाटिकेत! काल कृषी खात्याचे साहेब येऊन सांगून गेले. मी तशीच चिखलाच्या हातानं त्यांना चहा दिला.

त्यांनी सांगितलं ते असं. आपलं सरकार तुमच्या तिकडं साखर कारखाना उभारायला कर्ज देतंय. यंत्रं आपल्याकडची, बसवणारी माणसं आपल्याकडची, फेड सावकाश. चीननंही असाच कारखाना देऊ केलाय, वर एक मोठा रस्ता. दोघांतला एक निवडायचाय. पण तिकडच्या सरकारनं एकट्यानं ठरवून भागत न्हाय, कारण ऊस हाय शेतकऱ्यांच्या रानात. त्यांच्या ऊसवाल्यांच्या संघाची अध्यक्ष एक बाई हाय, नेमा नावाची. ती ज्याला व्हय म्हणेल त्या कारखान्याला ऊस जाणार. म्हणून त्यांचे उपमंत्री तिला घेऊन येतायत. आधी माळेगावचा कारखाना बघायचा, बारामतीत मुक्काम, मग आपल्याकडं.

मी म्हणलं, आमच्यात काय बघायचंय? साहेब म्हणले, "बायकांनी चालवलेली रोपवाटिका बघायचीय, असं तिकडनंच कळवलंय."

तिकडनं म्हणजे तूच न्हाय? खरं सांग. गावात मी "छे, दादाचा काय संबंध" असं सांगत सुटलेय, पण मनात तेच हाय.

रोपवाटिकेचं तुला काय माहीत असणार म्हणा. तू गेल्यावर सुरू केली. सिंधुबाई, द्वारकाबाई, मी अन् गल्लीतल्या बाकीच्या बाया. उसाच्या कांडीचा एकेक डोळा काढायचा, ट्रेमध्ये नारळाच्या भुश्शात लावायचा अन् रोप टवटवीत झालं की शेतकऱ्याला द्यायचं. शेळगाव, अंथुर्णे, पार माळेगावपर्यंत रोपं जातात. माझी कृषीची पदवी शेवटी कामाला आली. सिंधुबाई तर मोबाईलवर व्हिडिओ टाकते, "नमस्कार मंडळी, मी सिंधू," करून. लोक बघतात बरं का!

एक अडचण हाय. पाहुणे कोणत्या देशाचे ते तात्यांना सांगितलेलं न्हाय. "आफ्रिकेचे" एवढंच. द्राक्षांचा तो कंटेनर ते विसरलेले न्हाईत. तू दिल्लीत असताना माल परदेशी बंदरावर अडकला, तात्यांनी "एक शब्द टाक" म्हणून फोन केला अन् तू म्हणलास, "रांगेत सगळ्यांचेच कंटेनर हायत तात्या, आपला पुढं काढणार न्हाय." द्राक्षं तिथंच सडली. तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद, घरात तुझं नाव फक्त आई घेते, तेही देवापुढं. मी कुणाच्या बाजूची ते विचारू नको. ती द्राक्षं मी पण तोडली होती.

उत्तर दे किंवा नको देऊ. पण तुमच्या त्या नेमाबाईंना तिखट चालतं का, एवढं तरी कळव.

छकुली


निरवांगी
१७ जानेवारी

दादा,

तिखटाचं कळवलं न्हाईस. मी दोन्ही चटण्या करणार.

इथं नुसती धांदल हाय. ज्या रस्त्यावर मोटारसायकल आडवी व्हायची तो डांबराचा झाला. शाळेच्या भिंती पोपटी केल्या. सिंधुबाई दिवसभर "वेलकम, वेलकम" म्हणत हिंडते. द्वारकाबाई म्हणली, "अगं, त्या यायच्या आधी तुझा घसा बसायचा."

दिल्लीहून एक साहेब आलेत. तरुण हाय, बोलायला गोड, तुझ्यासारखाच इस्त्रीतला. त्यानं आम्हा बायांना बसवून समजावलं. रोपांचं काहीही विचारलं तर मोकळं बोला. कर्जाचं, कराराचं, चीनचं विचारलं तर एकच वाक्य, "ही दोन देशांची मैत्री आहे." सगळ्यांकडनं दोनदा म्हणवून घेतलं. बारामतीच्या मंदाकिनीबाई दुभाषी म्हणून येणार हायत. त्याच, ज्यांनी तुला कॉलेजात इंग्रजी शिकवलं. मला बघून पहिला प्रश्न, "यशराज अजून स्वल्पविराम विसरतो का गं?"

अन् तात्यांना कळलं! ग्रामपंचायतीत कागदी झेंडे आले होते, गठ्ठ्यावर देशाचं नाव. तात्या वाचून घरी आले, चपला न काढता सोप्यात उभे राहिले.

"छकुले, ह्या देशात आपलं कोण असतं?"

आई आतनं म्हणली, "तुमाला ठाऊक हाय की."

"मला कसं ठाऊक असंल?"

"मग टीव्हीवर त्या देशाचं नाव आलं की आवाज कोण वाढवतं?"

दादा, तात्यांचा चेहरा बघायला हवा होतास. टोपी काढली, परत घातली अन् म्हणले, "मी त्या दिवशी हितं नसणार. शेळगावला जायचंय. सोयरीक बघायला."

"कुणाची सोयरीक?" मी विचारलं.

"कुणाची तरी!"

म्हणजे ते येणार न्हाईत. बरंच झालं, तेवढीच कटकट कमी. असं मी स्वतःला सांगतेय.

छकुली


निरवांगी
२३ जानेवारी

दादा,

आले अन् गेले! आनंद झालाय का भीती वाटतेय ते लिहिता लिहिता कळेल. कदाचित तुझं काम मी बिघडवून ठेवलंय. पण सगळं सांगते, मग शिव्या दे.

माळेगावला मीही गेले होते. गाळप जोरात सुरू, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अन् बैलगाड्या पार रस्त्यापर्यंत. उपमंत्री यंत्रांचे फोटो काढत होते. नेमाबाई गाड्यांपाशी थांबल्या. उंच, काळ्याभोर, डोक्याला पिवळं फडकं, अन् हसणं असं की बैलानं मान वळवून बघितलं. एका गाडीवाल्याला त्यांनी विचारलं, "ऊस तोडल्यावर इथं पोचायला किती वेळ लागतो?" तो म्हणला, "नंबर लागला तर आज, न्हाय तर उद्या." मंदाकिनीबाईंनी इंग्रजीत सांगितलं तशा त्या म्हणल्या, "आमच्याकडं कारखाना लांब. ऊस पोचेपर्यंत अर्धा वाळतो." त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं होतं. तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की ही बाई सहलीला आलेली न्हाय.

मग निरवांगी. शाळेची पोरं, झेंडे, हार. सिंधुबाईला ऐन वेळी "वेलकम" आठवेना, तिनं सरळ "या बाई, बसा" म्हणून हात धरला. नेमाबाईंना तेच आवडलं. शेडमध्ये आल्या, बूट बाहेर काढले, एक रोप ट्रेमधनं अलगद उपटून मुळ्या बघितल्या, वास घेतला अन् खाली फतकल मारून बसल्या. डोळे काढायची कातर मागून घेतली. पहिला डोळा वाया घालवला, दुसरा बरोबर. सिंधुबाई मराठीत बोलतेय, त्या इंग्रजीत बोलतायत, मंदाकिनीबाई मधे तोंड उघडेपर्यंत दोघींचं एकमेकींना कळलेलं असायचं. शेवटी मंदाकिनीबाई म्हणाल्या, "माझी इथे गरज दिसत नाही, मी चहा पिऊन येते."

मग रानात हुरड्याला बसलो. दोन्ही चटण्या खाल्ल्या, तिखटातली परत मागितली.

अन् तेव्हा कळलं की तात्या शेळगावला गेलेलेच न्हाईत. फेटा बांधून, लग्नाला घालतात तो कोट घालून मागच्या खुर्चीवर बसलेले. आईकडं बघितलं तर ती कणसं भाजण्यात गुंग असल्यासारखी.

खाऊन झालं, नेमाबाईंनी हात धुतले अन् माझ्याकडं बघून काहीतरी विचारलं. मंदाकिनीबाई भाषांतर करायला लागल्या अन् मधेच थांबल्या. दिल्लीच्या साहेबाकडं बघितलं. मग म्हणाल्या, "विचारलंय ते जसंच्या तसं सांगते. ह्या म्हणतात, तुमचं सरकार आम्हाला कारखाना देतंय. चीनही देतोय. दोघेही म्हणतात, मैत्री. सरकारांचं ऐकून झालं, आता मला तुझ्याकडून ऐकायचंय. यातून तुम्हाला काय मिळतं?"

साहेब लगेच पुढं झाला. मैत्री, जुने संबंध, समुद्रानं जोडलेले दोन देश असं बोलला. वाईट बोलला असं न्हाय. बाईंनी मान डोलावली, पण डोळे माझ्यावरनं हलवले न्हाईत.

दादा, पाठ केलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. म्हणायचं अन् मोकळं व्हायचं. पण ही बाई आत्ता आमच्याबरोबर जमिनीवर बसून डोळे काढत होती. तिच्या मागं किती घरं असतील, अन् ती काय घेऊन परत जाईल?

मी म्हणलं, "बाई, यंत्रं आमच्याकडची जातील, आमच्या कारखानदारांचा धंदा वाढेल. आमच्या पोरांना तिकडं काम मिळेल. अन् उद्या जगाच्या पंचायतीत आमच्यावर काही आलं तर तुमचा देश आमच्या बाजूनं हात वर करेल, अशी आशा हाय. चीनलाही हेच हवंय. मैत्री खोटी न्हाय, पण ती रिकाम्या हातानं आलेली न्हाय."

मंदाकिनीबाईंनी शब्दन् शब्द सांगितला. साहेबानं डोळे मिटून घेतले. उपमंत्री आभाळाकडं बघायला लागले. मला वाटलं, छकुले, संपलं.

अन् नेमाबाई अशा हसल्या की बाभळीवरचे बगळे उडाले! माझ्या पाठीत एक थाप मारली, अजून दुखतंय. म्हणाल्या, "आमच्या, चीनच्या आणि तुमच्या, तिन्ही राजधान्यांमध्ये हाच प्रश्न विचारला. पहिल्यांदा उत्तर मिळालं. आता दुसरा. माझ्या जागी तू असतीस तर काय मागून घेतलं असतंस?"

हे मात्र मला येईना. मी रोपं करणारी, कारखान्यातलं काय सांगू? तेवढ्यात मागनं आवाज आला, "मी बोलू का?"

तात्या उठून उभे राहिले होते.

"निमाताई," म्हणले. नेमाचं निमाताई करून टाकलं तिथंच. "मी शाळकरी पोरगा असताना हितं रशियाचा ट्रॅक्टर आला व्हता. तुमच्यात आता कारखाना येतोय, तसाच. सरकारानं आणला, हार घातले, आमी पोरं मागं पळायचो. वरीसभर चालला अन् एक दिवस बंद. आतला एवढासा भाग मोडला. मुंबईत मिळंना, दिल्लीत मिळंना. अर्ज गेले, उत्तर न्हाय. ट्रॅक्टर लिंबाखाली उभा. कोंबड्या त्यात अंडी घालायच्या. अन् गावात ज्यो त्यो त्या देशाला शिव्या द्यायचा."

मंदाकिनीबाई भाषांतर करता करता हसत होत्या.

"मग तिकडनं एक फिटर आला. लालबुंद माणूस, भाषा येत न्हाय. आमच्या घरी भाकरी खायचा. त्यानं ट्रॅक्टर तर चालू केलाच, पर जाताना आमच्या लोहाराला त्यो भाग घडवायला शिकवून गेला. ताई, आज माझ्यापुढं कुणी रशियाला नावं ठेवली तर मी उठून जातो. ट्रॅक्टरपायी न्हाय, त्या फिटरपायी. तवा कारखाना खुशाल घ्या. पर सुटे भाग दर खेपेला आमच्याकडनं मागवायची पाळी येऊ देऊ नका. दुरुस्तीचं वर्कशॉप तितंच मागा. तुमची पोरं-पोरी शिकली पायजेत. ह्यात आमचं नुकसान न्हाय. मशीन बंद पडलं की पहिली शिवी आमच्याच नावाला बसणार हाय."

नेमाबाई उठल्या, तात्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या अन् नाव विचारलं. तात्यांनी पूर्ण नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. आडनाव ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, "तुमच्या दूतावासात एक रणवरे आहेत. फार कडक माणूस. संघाकडून त्यांना आंब्यांची एक टोपली पाठवली होती. आभाराची चिठ्ठी आली, टोपली परत आली."

आईच्या हातातलं कणीस पार करपलं.

तात्या म्हणले, "असंल. रणवरे लई हायत."

जाताना दिल्लीच्या साहेबानं मला बाजूला घेतलं. ओरडला न्हाय. "ताई, कंपन्यांची खरी कमाई सुट्या भागांतच असते," एवढंच म्हणला अन् कपाळावरचा घाम पुसला. गाड्या गेल्या. कुठलाही करार झालेला न्हाय, ठरलेला न्हाय, त्याबद्दल उपमंत्री एक शब्द बोलले न्हाईत.

दादा, तुझ्या नोकरीला काही होईल का रे? पण तुला खरं सांगू? मला पश्चात्ताप होत न्हाय. एकदाचा होऊन जाऊ दे म्हणून वाट बघतेय, होतच न्हाय.

छकुली


निरवांगी
१६ फेब्रुवारी

दादा,

काहीच कळत न्हाय. दिल्लीचा साहेब फोन घेत न्हाय. पेपरात कोपऱ्यात आलं होतं की तुमच्या तिकडच्या सरकारनं निर्णय पुढं ढकलला अन् चीनचं शिष्टमंडळ तिकडं पोचलं. कृषी खात्याचे साहेब रस्त्यात भेटले तर दुसरीकडं बघायला लागले. गावात दोन तट हायत. एक म्हणतो रणवऱ्यांनी देशाचं काम घालवलं. दुसरा म्हणतो रणवऱ्यांनी देशाची अब्रू राखली. दोघंही चहाला आपल्याच दारात.

तात्या रोज सकाळी विचारतात, "टपाल आलं का?" कुणाचं ते म्हणत न्हाईत.

मला आता राग आलाय, तुझा. निदान "गप बस, मूर्ख" एवढं तरी लिही. मी आपल्या माणसांना काय सांगू? सिंधुबाईनं पासपोर्टसाठी फोटोसुद्धा काढून ठेवलाय, तिला वाटतं निमाताई बोलावणार. तिला न्हाय म्हणायचं मला होत न्हाय.

छ.


निरवांगी
११ मार्च

दादा, दादा, दादा!

तुझं पत्र आलं! पोस्टमननं रस्त्यावरनंच हाक मारली, "परदेशी हाय!" मी रोपांना पाणी देत होते, पाइप तसाच टाकून पळाले. शेडमध्ये तळं झालं.

आधी मी एकटीनं वाचलं. मग सगळ्यांना गोळा करून मोठ्यानं वाचलं. निमाताईंच्या संघानं आपल्याला व्हय म्हणलं! दोन अटी घालून. कारखान्याबरोबर सुट्या भागांचं वर्कशॉप तिथंच उभं राहणार अन् तिथली पोरं-पोरी त्यात शिकणार. ते मान्य झालं! तू लिहिलंयस की कंपन्या महिनाभर कुरकुरत होत्या अन् शेवटी दिल्लीतनं कुणीतरी बजावलं, की आपल्याला एक कारखाना विकायचा न्हाय, तर पुढची पन्नास वर्षं तिथं आपलं नाव चांगलं राहायला हवंय. हे बजावणारं कुणीतरी म्हणजे तो इस्त्रीतला साहेबच, हे वाचून मी त्याची मनातल्या मनात माफी मागितली. दुसरी अट रोपवाटिकेची. निरवांगीच्या बायांनी तिकडं जाऊन त्यांच्या बायांना शिकवायचं. तिकडच्या बायांनी हितं येऊन शिकायचं.

सिंधुबाईनं तिथंच फेर धरला. द्वारकाबाई रडायला लागली. मी पुढचं वाचत गेले अन् माझा आवाज बारीक होत गेला.

तू लिहिलंयस की पुण्याहून आलेल्या यादीत निरवांगी होतं, ते तू स्वतः खोडलंस, कारण तिथं तुझी बहीण. निमाताईंनी सिंधुबाईचा व्हिडिओ बघून हट्टानं परत घातलं. अन् आता तिकडं जाणाऱ्या बायांत संघानं माझं नाव पहिलं लिहून दिलं होतं. तू राजदूतांना जाऊन सांगितलंस, "ही माझी सख्खी बहीण आहे," अन् माझं नाव काढून घ्यायला लावलंस.

दादा, मी पत्र खाली ठेवलं. सगळ्या बाया माझ्याकडं बघतायत. अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या देशाच्या माणसांपुढं मी जगाच्या पंचायतीबद्दल बोलायचं धाडस केलं, तिथं जायची वेळ आली तर माझ्याच भावानं दार लावलं! आधी द्राक्षं, आता मी.

तात्या कोपऱ्यात बसून ऐकत होते. म्हणले, "परत वाच."

"काय परत?"

"ते नाव काढल्यालं. अन् गाव खोडल्यालं. दोन्ही."

मी वाचलं. तात्या आईला म्हणले, "कौसल्ये, मला वाटायचं पोरगं फकस्त माझ्याच कंटेनरला न्हाय म्हणलं. ह्यो तर सगळ्यांनाच न्हाय म्हणतोय! गावाला, बहिणीला, आंब्याच्या टोपलीला."

आई म्हणली, "मग मी काय सांगत व्हते?"

"काय सांगत व्हतीस?"

"तुमी कुठं ऐकत व्हता, म्हणून सांगायचं सोडलं."

तात्या हसले. दादा, हसले! मग उठून बाहेर गेले, बांधावर एकटेच येरझारा घालत होते. परत आले तेव्हा डोळे लाल अन् मिशी उपरण्यानं पुसत होते. म्हणले, "धूळ लई हाय आज."

माझा राग अजून गेलेला न्हाय, गैरसमज करून घेऊ नको. पण तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस ना, "छकुले तुझं नाव काढताना हात जड झाला" असं, तिथं "छकुले"नंतर स्वल्पविराम विसरलायस. मंदाकिनीबाईंना सांगितलं मी. त्या म्हणाल्या, "तिथे विसरला असेल तर चालेल."

सिंधुबाई अन् द्वारकाबाई जाणार. तिकडनं येणाऱ्या बायांना शिकवायला मी हितं. म्हणजे जाणार न्हाय, पण माझ्याकडं येणार! विचार करतेय तसं बरं वाटायला लागलंय.

छकुली


बारामती
८ जून

दादा,

हे घाईत लिहितेय, बारामतीच्या स्टँडवर, मांडीवर पिशवी ठेवून. मुंबईची गाडी लागलीय.

तिकडच्या सहा जणी येऊन महिना होत आला. आपल्याच घरी राहतात, माडीवर. त्यांतली एक, अमीना, निमाताईंच्या भावाची लेक. चुलीवरची भाकरी माझ्यापेक्षा गोल करते, आई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असते. डोळे काढायला आठवड्यात शिकल्या. वर मला शिकवलं की त्यांच्याकडं सावलीसाठी शेडनेटऐवजी वेल चढवतात. मी एका वाफ्यावर करून बघितलं, गारवा टिकतो! कोण कुणाला शिकवतंय तेच कळेनासं झालंय. त्या जातील तेव्हा निरवांगीचं नाव त्यांच्या गावात घेतलं जाईल, अन् त्यांच्या गावाचं आमच्यात. अमीना जेवताना "अजून घ्या की" म्हणते, अगदी आईच्या आवाजात. तुमच्या कचेरीत ह्याला काय शब्द हाय ते ठाऊक न्हाय. मला तर आवडलंय.

आता सिंधुबाई अन् द्वारकाबाई निघाल्यात. मुंबईहून विमान. सिंधुबाईनं नवी नऊवारी घेतलीय, विमानात नेसणार म्हणते. व्हिडिओ सकाळपासून सुरू हाय. दोघींना सांभाळून घे. नोकरी म्हणून न्हाय घेता आलं तर तुझ्या गावच्या म्हणून घे, त्याला तरी सरकारची ना न्हाय ना?

अन् आता खरी गोष्ट, जिच्यासाठी कागद काढला. हे पत्र टपालात टाकणार न्हाय. ह्याच विमानानं ते तुझ्याकडं येतंय, एका माणसाच्या कोटाच्या आतल्या खिशात. सरकारी खर्चानं न्हाय, संघाच्या खर्चानं न्हाय, स्वतःच्या तिकिटानं. त्यानं गुपचूप पासपोर्ट काढला, व्हिसासाठी मंदाकिनीबाईंकडनं अर्ज भरून घेतला अन् "येण्याचं कारण" ह्या रकान्यात त्यांना लिहायला लावलं: मुलाला भेटणे. आम्हाला परवा सांगितलं. आई म्हणली, "मी बी आले असते." तर म्हणले, "आधी मी जाऊन बघतो, घेतोय का घरात."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस पहिल्यांदा विमानात बसतोय. आत्ता माझ्यासमोर उभा हाय. ड्रायव्हरला दोनदा विचारून झालं की ही गाडी नक्की मुंबईलाच जाते का. कोटाचा खिसा सारखा चाचपतोय, पण चेहरा असा की जसा काही तोच कारखाना उभा करायला निघालाय.

दादा, मी तुला ओळखते अन् त्यांनाही ओळखते. दारात ते उभे राहतील. तू पाया पडशील, ते "असू दे" म्हणतील, मग दोघंही गप्प होऊन एकमेकांच्या चपलांकडं बघत बसाल. तू आत बोलावल्याशिवाय ते उंबरा ओलांडणार न्हाईत अन् तुला वाटेल ते आपणहून येतील.

कंडक्टर शिट्टी वाजवतोय अन् ते पत्र मागतायत.

"आत या, तात्या," एवढं म्हण.

छकुली